परदेशात राहून भारतातलं बाळ दत्तक घेताय? मग मधले दिवस असे काढा

दत्तकाचे फॉर्म कोणते आणि फी किती हे सगळे सांगतात, पण फॉर्म भरून झाले आणि बाळ अजून घरी आलं नाही त्या मधल्या काळात ऑफिस, स्वयंपाक, भांडी, सासूबाईंचा "काही कळलं का गं?" वाला फोन हे सगळं कसं सांभाळायचं ते कोणी सांगत नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो, बाळ ओडिशातलं आहे, त्यामुळे मी सांगतेय ते अमेरिकेपुरतं, बाकी देशांचे इमिग्रेशनचे नियम वेगळे असतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघून घ्या. अमेरिकेच्या इमिग्रेशनचा रस्ता आय-८००ए या अर्जाने (परदेशातलं मूल दत्तक घ्यायला तुम्ही पात्र आहात का ते यावरून ठरतं) सुरू होतो आणि तो भरायला दोघांपैकी एकजण तरी अमेरिकन नागरिक लागतो, म्हणजे दोघंही एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असाल किंवा नुसतं ग्रीन कार्ड असेल तर इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण बाळ कायदेशीर तुमचं झालं तरी त्याला व्हिसा मिळत नाही अशी अवस्था होऊ शकते आणि मग एकाला भारतात राहावं लागतं. भारताच्या बाजूला सगळं कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) बघते आणि २०२२ च्या नियमांत वयाची बेरीज आहे, दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर नको, दोन ते चार वर्षांसाठी ९०. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. रांगेतही फरक आहे, भारतीय पासपोर्टवाले एनआरआय भारतातल्या पालकांच्या बरोबरीने धरले जातात, ओसीआय वाल्यांचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकांचा) नंबर कुठे लागतो ते एजन्सीला विचारून घ्या. हे आधीच माहीत असलं की पुढे चिडचिड कमी होते.

आता क्रम, आणि हा क्रम मोडायचा नाही. आधी मान्यताप्राप्त दत्तक एजन्सी, मग होम स्टडी (सोशल वर्कर घरी येऊन तुमची चौकशी करते ती), मग आय-८००ए मंजूर, मग काराच्या पोर्टलवर नोंदणी आणि वाट बघणं, मग बाळाचं रेफरल (म्हणजे ठराविक बाळाची फाईल तुमच्याकडे येणं), ते स्वीकारलं की त्या बाळासाठीचा आय-८०० अर्ज, मग दिल्लीच्या अमेरिकन एम्बसीकडून हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, मग काराची एनओसी (ना हरकत पत्र), आणि त्यानंतरच दत्तकाची ऑर्डर. भारत हेग करारात (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) २००३ पासून आहे त्यामुळे दोन्ही देशांनी हो म्हटल्याशिवाय ऑर्डर घेतली तर पुढे फार मोठा गुंता होतो. "आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे एक केस आहे, तुम्ही फक्त या" असा फोन कुठल्या ना कुठल्या मावशीकडून येतोच. तिचा हेतू चांगला असतो पण तिथेच नाही म्हणा. बाल न्याय कायद्यात असं बाहेरच्या बाहेर मूल देण्याघेण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पैसे देऊन घेतलं तर पाच वर्षांपर्यंत. भारतात बाळ सांभाळणाऱ्या संस्थेला द्यायची ठरलेली रक्कम ५,००० डॉलर आहे, ती पावतीने द्यायची, त्याच्यावर हातात कोणी काही मागितलं तर तुमच्या एजन्सीला लेखी कळवायचं.

होम स्टडीला लोक उगीच घाबरतात. सोशल वर्कर घर चकाचक आहे का ते बघायला येत नाही. स्मोक डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर, आग विझवायचा सिलेंडर, औषधं कुलपात, हे बघते आणि मग बसून गप्पा मारते, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळ्या. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कसं वाढवलं, मारायचे का, पैशावरून भांडता का, मूल होत नाही म्हणून दत्तक घेताय का आणि ते दुःख कुठवर आलंय, हे सगळं विचारते. आपल्याकडे घरातलं बाहेर सांगायची सवय नसते म्हणून आदल्या रात्री दोघांनी एकमेकांना हेच प्रश्न विचारून ठेवा, पाठ करायला नाही, तर एखादं उत्तर समोरच्याला तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळू नये म्हणून. शिफारसपत्रं देणाऱ्या मित्रांना "हे फार चांगलं जोडपं आहे" एवढंच लिहू नका म्हणून सांगा, तुम्ही त्यांच्या मुलांना कधी सांभाळलंत, मूल रडायला लागलं तेव्हा काय केलंत असं काहीतरी लिहायला लावा. शिवाय पालकांसाठी किमान दहा तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, ते कंटाळवाणं वाटतं पण जोडीने करा, पुढे ओडिशात मला त्यातलंच सगळ्यात जास्त कामाला आलं.

मग वाट बघणं. इथे माझं एकच म्हणणं आहे, तारीख कोणीही देणार नाही, तेव्हा घर तारखेशिवाय चालेल असं लावा. म्हणजे काय तर कागद जिवंत ठेवायचे आणि बाकी आयुष्य चालू ठेवायचं. आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांची असते, बोटांचे ठसेही जुने होतात, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सही, म्हणून फ्रिजवर एक कागद लावा आणि प्रत्येक कागद कधी संपतो ते लिहून त्याच्या तीन महिने आधीची खूण करा. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) ज्या राज्याचा कागद त्याच राज्यातून होतं, एफबीआयचा कागद असेल तर स्टेट डिपार्टमेंटकडून, आणि लग्नाचं सर्टिफिकेट पुण्याचं असेल तर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, त्यामुळे त्याची कॉपी आईकडे आधीच मागून ठेवा. नोकरी बदलली, घर बदललं, घरात कोणी राहायला आलं की होम स्टडी अपडेट करावी लागते. सासू-सासरे सहा महिने येणार असतील तर तिकीट काढायच्या आधी सोशल वर्करला विचारा, कधीकधी त्यांचेही कागद लागतात. म्हणून नोकरी बदलायचीच नाही असं नाही हं, बदला, फक्त कळवा. आमच्या ओळखीचं एक जोडपं "आता बाळ येईल" म्हणून ना भारतात गेलं, ना घर घेतलं, ना नोकरी सोडली, आणि दोघंही कडवट झाली होती.

खोली सजवून ठेवू नका. पाळणा, खेळणी, भिंतीवर ढग, आणि रोज त्या बंद दारावरून जायचं, कशाला? बाळाचं वय, वजन काहीच माहीत नसतं, कपडे कोणत्या मापाचे घेणार? त्यापेक्षा कार सीट नीट वाचून ठरवून ठेवा, एक बालरोगतज्ज्ञ शोधा ज्याने परदेशातून आलेली मुलं बघितली आहेत, आणि ऑफिसच्या एचआरशी बोला. एफएमएलए या अमेरिकन कायद्याची १२ आठवड्यांची कौटुंबिक रजा दत्तकालाही लागू आहे आणि बाळ हातात यायच्या आधी परदेशी जावं लागलं तरी ती वापरता येते, हे बऱ्याच एचआर वाल्यांनाच माहीत नसतं. ती बिनपगारी असते, न्यू जर्सीत वेगळा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स आहे, त्याचे पैसे मिळतात पण तो बाळ घरात आल्यानंतरच्या वेळेसाठी. दत्तकाच्या खर्चासाठी टॅक्स क्रेडिटही (करातली सूट) आहे, २०२५ साठी जास्तीत जास्त १७,२८० डॉलर, तेव्हा विमानाच्या तिकिटांपासून सगळ्या पावत्या एका डब्यात टाकत जा. कोणाला किती सांगायचं हेही आधीच ठरवा. आम्ही दोन्ही घरी एकच सांगितलं की कळलं की आम्हीच फोन करू, तुम्ही विचारू नका. सासूबाईंनी ते बरेच दिवस पाळलं, मग त्या "आज भाजी काय केलीस" विचारून गप्प बसायला लागल्या, तेही चालतं.

रेफरल रात्री येतं, कारण भारतात सकाळ असते, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि थंडीत साडेदहा तासांचा फरक. बाळ राखून ठेवायला मोजकेच तास मिळतात म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की फाईल आली तर किती वेळात वाचाल. फोटो बघून रडू येणार, येऊ दे, पण मग वजन, उंची आणि डोक्याचा घेर या तीन आकड्यांकडे वळा, एकदाचे नाही, महिन्यामहिन्याचे मागा. रेषा वर जातेय का ते महत्त्वाचं, संस्थेतली बरीच बाळं बारीक असतात. एखादा व्हिडिओ मागा, बाळ हाक मारल्यावर बघतं का, हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेतं का हे त्यात कळतं.

आता तिकडचं राहणं. बरेच लोक ऑर्डर आणि पासपोर्ट झाल्यावर फक्त घ्यायला जातात. पण काराची एनओसी आली की ऑर्डर व्हायच्या आधीही बाळाला भारतातल्या भारतात तात्पुरतं आपल्याकडे ठेवता येतं, आणि जमत असेल तर हे जरूर करा. आम्ही भुवनेश्वरला राहिलो, आम्हाला ओडिया येत नाही, बाळाला मराठी नाही, म्हणजे आपल्याच देशात तिघंही परके. हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या, वॉशिंग मशीन असेल असा, खालच्या मजल्यावर. भुवनेश्वरला एप्रिलनंतर दुपारी बाहेर पडता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर आहे का ते विचारा.

बाळ घेऊन यायच्या आधी दोन-तीन वेळा संस्थेत नुसतं जाऊन बसा आणि तिथल्या मावशींना विचारा, दूध किती वाजता, कुठल्या कंपनीचं, बाटलीने की वाटी-चमच्याने, आंघोळीचं पाणी किती गरम, कुशीवर झोपतं का पालथं, दिवा चालू असतो का, दूध-पाणी-झोप याला त्या काय शब्द वापरतात. ते मोबाईलवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्या. पहिल्या दिवशी एक चादर तिथे देऊन ठेवा आणि येताना न धुता घेऊन या, त्या वासावर आमचं बाळ झोपलं. पहिले काही आठवडे संस्थेचंच वेळापत्रक चालवायचं, आपलं नाही. दूध बदलायचं असेल तर हळूहळू, मऊ भात आणि वरण सगळीकडेच असतं, प्रयोग नंतर करा. अन्न समोर असेपर्यंत काही मुलं खातच राहतात, हातातून हिसकावून घेऊ नका, थोडं थोडं वाढा.

भरवायचं, झोपवायचं, लंगोट बदलायचं हे फक्त आईबाबांनी. आजी-आजोबा पुण्याहून यायला निघालेलेच असतात, त्यांना थोडं थांबवा, आणि आलेच तर बाजार, स्वयंपाक, कपडे ही कामं द्या, बाळ उचलायचं नाही. कठोर वाटतं. पण ज्या बाळाला आजवर जो येईल त्याने उचललंय त्याला आपली माणसं दोनच आहेत हे कळायला वेळ लागतो. काही बाळं पहिले दिवस अजिबात रडत नाहीत, पाहुणे म्हणतात किती शहाणं आहे, ते शहाणपण नसतं, घाबरलेलं असतं. रात्री रडायला लागलं, आपल्यालाच शोधायला लागलं की समजा गाडी बरोबर चालली आहे. आणि नवराबायकोने पाळी लावा, एक रात्र तू एक रात्र मी, कारण त्या फ्लॅटमध्ये बोलायला दुसरं कोणी नसतं आणि झोप नसली की चमचा कुठे ठेवला यावरूनही भांडण होतं. माझ्या नवऱ्याचं ऑफिसचं काम भारतातल्या रात्री चालायचं तेव्हा पहाटे चारची बाटली त्याच्याकडे होती. खरूज, उवा, जुलाब हे बऱ्याचदा निघतं, तिथल्याच बालरोगतज्ज्ञाला दाखवा, लाजण्यासारखं काही नाही.

१ सप्टेंबर २०२२ पासून ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यायची असा बदल झाला, कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे पण परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढू नका. ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपी जास्तीच्या घ्या. मग तुमची नावं असलेला जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झालं याचं), आणि या सगळ्यावर नावाचं स्पेलिंग एकसारखं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या. मग दिल्ली, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे मेडिकल आणि एम्बसीत व्हिसा. आयएच-३ व्हिसावर (दत्तक भारतातच पूर्ण झालेल्या बाळाला मिळतो तो) आलेलं बाळ अमेरिकेत पाऊल टाकताच नागरिक होतं, नागरिकत्वाचं सर्टिफिकेट टपालाने घरी येतं.

ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये नाव घालायची मुदत साधारण ३० दिवसांची असते आणि ती घरी आल्यापासून नाही, दत्तक झाल्यापासून किंवा बाळ ताब्यात आल्यापासून मोजतात, ती चुकवू नका. घरी आल्यावर डॉक्टरकडे शिसं, हिमोग्लोबिन, टीबी, हिपॅटायटिस बी, शौचाची तपासणी करून घ्या. गोवराची नवव्या महिन्यातली लस अमेरिकेत धरत नाहीत, इथे पहिला डोस वर्षानंतरचाच मोजतात. आपल्या मुलांच्या पाठीवर, कुल्ल्यावर जन्मखुणेसारखे निळसर डाग असतात ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवून फाईलमध्ये नोंदवून घ्या, नाहीतर उद्या डेकेअरमध्ये कोणाला तो मार वाटायचा. बोलणं-चालणं मागे वाटलं तर बाळ तीन वर्षांचं व्हायच्या आत अर्ली इंटरव्हेन्शनची (वाढीत मागे पडलेल्या लहान मुलांसाठीच्या सरकारी मदतीची) तपासणी फुकट असते. लोक विचारतील, खरे आईबाप कोण, कुठल्या घरातलं, जात काय. फाईलमधलं काहीही कोणाला सांगू नका, अगदी आत्यालाही नाही, मोठं झाल्यावर कोणाला काय सांगायचं ते बाळ ठरवेल.

बाळ कसं आहे याचे दोन वर्षं काराकडे रिपोर्ट जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, त्या तारखा फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहा. आणि बाळ आता अमेरिकन नागरिक झालं म्हणजे भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय काढायचं, पुढच्या दिवाळीला पुण्याला जायचं असेल तर हे आत्ताच सुरू करा. फॉर्मवर बाळाच्या अंगठ्याचा ठसा लागतो, तो दुपारी गाढ झोपलेलं असताना घ्या, जागेपणी ते शाई खातं.