धुक्यातून घरी आणि परत कामावर

साताऱ्यातली रात्रपाळी संपवून पहाटे कराडकडे निघणाऱ्याने डिसेंबर-जानेवारीत धुक्याइतकेच उसाच्या ट्रॅक्टरपासून जपून राहावे; दोन ट्रॉल्या जोडलेल्या त्या वाहनाला मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल, तर बाहेर लोंबणारा ऊस दिसेपर्यंत ब्रेक दाबायला अंतर उरलेले नसते. म्हणून जेवढे दिसते तेवढ्यात गाडी थांबेल असाच वेग ठेवावा. हेडलाइट लो बीमवर असावेत, कारण हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. काही दिसेनासेच झाले, तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपावर थांबावे.

सुट्टीनंतर परतताना पहाटेची घाई नकोच. उशीर होईल असे आदल्या रात्रीच कळवावे. जिवाभावाचे सहकारी तेवढा वेळ आपले मशीन सांभाळतात, आणि तिळगुळाचा डबा पुढे ठेवला की कोणी कुरकुरत नाही.