सोमवारपासून प्रेप तुम्ही देणार असाल तर

फार्मासिस्टचा परवाना हातात आला, प्रेपचं प्रशिक्षणही झालं. कॅलिफोर्नियात २०१९च्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एचआयव्ही टाळणारी ही गोळी द्यायचा अधिकार फार्मासिस्टला मिळाला, आधी ६० दिवसांपुरता, २०२४च्या दुरुस्तीनंतर ९०. हो-नाही आता तुमच्या हातात, आणि त्यात रुग्णाचा वंश आड येऊ नये म्हणून सोमवारच्या आत काही गोष्टी उरकून घ्या.

रविवारी चहा घेता घेता हार्वर्डच्या संकेतस्थळावरची, वंशाबद्दलचे नकळत पूर्वग्रह तपासणारी चाचणी देऊन टाका, फुकट आहे. निकाल काहीही येवो, त्याचं प्रमाणपत्र करू नका आणि मनालाही लावून घेऊ नका. आज एक येतो, महिन्याने दुसरा येऊ शकतो. उपयोग एवढाच की 'आपल्याला काय, आपण तर बाहेरून आलेले' हा भ्रम जरा हलतो. 'गोरी, सडपातळ' अशा लग्नाच्या जाहिराती वाचत आपण वाढलो, आणि इथे आपल्याच पार्ट्यांत 'कल्लू' म्हटलं की लोक हसतात. ते सगळं पांढऱ्या कोटाच्या आत असतंच.

माझंच सांगतो. एका संध्याकाळी एका कृष्णवर्णीय मुलाला मी पहिलाच प्रश्न विचारला, जोडीदार किती? तासाभराने त्याच वयाच्या गोऱ्या मुलाकडे फक्त क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट मागितला. दोघांना हवी होती तीच गोळी. माझ्या हे लक्षात आलं घरी जाताना, सिग्नलला थांबलो तेव्हा.

म्हणून प्रश्नांचा कागद आधीच छापून ठेवा आणि क्रम कोणासाठीही मोडू नका. गेल्या ७२ तासांत संसर्गाचा धोका झाला का (झाला असेल तर आधी पेप, म्हणजे धोक्यानंतर घ्यायच्या औषधांचा २८ दिवसांचा कोर्स), सात दिवसांतली एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आहे का, अलीकडे ताप, पुरळ, घसा दुखणं, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी, चालू औषधं. जोडीदारांची संख्या या कागदावर नको. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं २०२१चं मार्गदर्शन स्पष्ट आहे: लैंगिकदृष्ट्या सक्रिय प्रत्येकाला प्रेपबद्दल सांगा, आणि जो मागेल त्याने स्वतःहून काही सांगितलं नाही तरी त्याला द्या. 'गोळी मिळाली की हा कंडोम सोडून देईल' हा विचार मनात आला तर २०१४चा एक अभ्यास आठवा. वैद्यकीय विद्यार्थ्यांना एकच केस दिली होती, फक्त रुग्णाचा वंश बदलून. कृष्णवर्णीय पुरुषाबद्दल हीच शंका जास्त घेतली गेली, आणि ज्यांनी ती घेतली ते प्रेप लिहून द्यायला कमी राजी होते.

'परवडणार नाही याला' हे विम्याचं कार्ड मशिनमध्ये घालण्याआधी ठरवू नका. २०१९मध्ये प्रतिबंधक सेवांबद्दल सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाकडून प्रेपला 'ए', म्हणजे सर्वांत वरची शिफारस मिळाली, त्यामुळे बहुतेक खासगी विम्यांना ती फुकट द्यावी लागते. जेनेरिकही आहे.

सल्ल्याची खोली रिकामी करून घ्या, तिथले खोके हलवा. खिडकीतून औषधाचं नाव मोठ्याने पुकारायचं नाही, हे टेक्निशियनलाही आजच सांगा.

कोणी 'हे माझ्या शरीरात नेमकं काय करतं?' असं तीनदा विचारलं तर तिन्ही वेळा नीट उत्तर द्या. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं, पेनिसिलिन आल्यानंतरही. ज्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते, ते विचारणारच.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण खरं बळ त्यातच. एक वही ठेवा: प्रेपची माहिती कोणाला दिली, कोणाला गोळी मिळाली, कोण परत गेलं आणि का. नाव नको, वंशाचा रकाना हवा, आणि तो रुग्णाने स्वतः सांगितलं तरच भरायचा. सीडीसीच्या २०२२च्या आकड्यांत प्रेपची गरज असलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांना ती लिहून दिली गेली होती, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १३ टक्क्यांना. तुमच्या काउंटरचं काय, ते ही वहीच सांगेल. महिन्याचा पहिला सोमवार त्यासाठी आत्ताच मोकळा ठेवा, आणि बेरीज दुसऱ्या फार्मासिस्टला करू द्या.