माइनक्राफ्टमध्ये फिल कमांड वापरताना या चुका टाळा

फिल म्हणजे दोन कोपऱ्यांचे आकडे देऊन मधली सगळी जागा एका ब्लॉकने भरणारी कमांड. ती चुकली आणि लाल अक्षरात एरर आली, तर काही बिघडत नाही. भीती वाटावी ती चुकीची असूनही बिनबोभाट चाललेल्या कमांडची, कारण इथे अनडू नाही. मोठी फिल चालवण्याआधी वर्ल्डची कॉपी काढून ठेवाच.

सगळ्यात जास्त घोळ मोजणीत होतो. फिल दोन्ही टोकांचे ब्लॉक धरते, म्हणून 0 ते 32 म्हणजे 33 ब्लॉक. एका वेळची मर्यादा 32,768, म्हणजे बरोबर 32 × 32 × 32. तिन्ही दिशांना 0 ते 32 लिहिलंत की आकडा 35,937 वर जातो आणि कमांड नाकारली जाते. 0 ते 31 लिहा, लगेच चालेल. काम त्याहून मोठं असेल तर तुकडे पाडा. गेमचे दोन प्रकार आहेत, जावा आणि बेडरॉक; जावा एडिशनच्या नव्या आवृत्त्यांत गेमरूलने (गेमचे नियम बदलणाऱ्या कमांडने) मर्यादा वाढवता येते, पण एकदम लाखो ब्लॉक टाकले तर गेम अडकतो.

मग येतं ~ हे चिन्ह. चॅटमध्ये ते तुम्ही उभे आहात तिथून मोजतं, कमांड ब्लॉकमध्ये (आत लिहिलेली कमांड चालवणारा ब्लॉक) त्या ब्लॉकपासून. चॅटमध्ये नीट चाललेली ओळ तशीच कमांड ब्लॉकमध्ये चिकटवली की भिंत भलतीकडेच उभी राहते. त्यातून सुरुवात ~ ~ ~ अशी असेल तर कमांड ब्लॉक स्वतःलाच पुसून टाकतो. जागा ठरलेली असेल तर सरळ आकडे द्या, आणि उंची मधल्या आकड्यात येते हे विसरू नका.

कमांडच्या शेवटी लिहायच्या पर्यायांपैकी होलो आणि आउटलाइन दोन्ही बाहेरचं कवच बांधतात, पण होलो आतलं सगळं काढून तिथे हवा भरतं. सजवलेल्या खोलीला नव्या भिंती घालायच्या असतील तर आउटलाइनच वापरा. फक्त रिकामी जागा भरायची असेल तर कीप.

रिपीट कमांड ब्लॉक सेकंदाला 20 वेळा चालतो. बांधकामाला त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. इम्पल्स ब्लॉक (दर वेळी एकदाच चालणारा कमांड ब्लॉक) आणि एक बटण पुरे.

ओळ बरोबर दिसते, तरी ब्लॉक पडत नाहीत? बहुतेक वेळा ती जागा लोड झालेली नसते. जवळ जा, किंवा जागा लोड ठेवणारी कमांड लावा: जावात फोर्सलोड आणि बेडरॉकमध्ये टिकिंगएरिया. सर्व्हरवर खेळत असाल तर तिथे कमांड ब्लॉक बंद तर नाहीत ना, हेही बघा. आणि ओळ जुन्या व्हिडिओतून उचलली असेल तर ब्लॉकचं नाव तपासा: 2018 च्या 1.13 पासून जावात ‘वूल 14’ चालत नाही, ‘रेड_वूल’ लिहावं लागतं.