म्हाताऱ्या कुत्र्याला उभं कसं करावं, आणि त्याच्यासोबत निवृत्तीतला दिवस कसा लावावा

कुत्रं म्हातारं झालं आणि आपण निवृत्त होऊन घरी असलो, की सल्ले द्यायला सगळेच पुढे येतात. ‘आता त्याला पडून राहू दे.’ ‘उचलून बाहेर ने.’ ‘रात्रीचं पाणी बंद कर.’ तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि तिसरा तर धोक्याचा. निवृत्तीनंतर मी मोठ्या अंगाची आणि लहान चणीची अशी दोन्ही तऱ्हेची म्हातारी कुत्री सांभाळली. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी, लसी, रक्त-लघवीच्या चाचण्या हे तुम्ही करत असालच, म्हणून ते इथे सांगत नाही.

१. फरशी. तो चालतो त्या सगळ्या वाटेवर न घसरणाऱ्या चटया सलग टाका, मध्ये फट ठेवू नका. नखं कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केसही कापा.

२. फिरणं. एक लांब फेरी बंद करून चार-पाच छोट्या फेऱ्या ठेवा, वेळा ठरलेल्या असू द्या. सांधे दुखतात म्हणून फिरणंच थांबवलं, तर मांड्यांचे स्नायू भराभर उतरतात आणि मग सांध्यांना आधार उरत नाही.

३. खाणं. आपण दिवसभर घरी असतो, हीच इथली अडचण. चहासोबत एक बिस्कीट, दुपारी ताटातला एक घास, संध्याकाळी पुन्हा काहीतरी. कुत्र्याचं वजन वाढतं आणि जास्तीचा भार दुखऱ्या सांध्यांवर येतो. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत. लॅब्राडॉर कुत्र्यांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणारी कुत्री साधारण १.८ वर्षं जास्त जगली, आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. प्रेम दाखवायचं तर केस विंचरा, सोबत बसा. घास नको.

४. उभं करणं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे जमायला, आणि बहुतेक माणसांची कंबर इथेच धरते. मागचे पाय अशक्त झालेलं कुत्रं उठताना धडपडतं, आपल्याला ते बघवत नाही, आणि आपण वाकून त्याला पोटाखालून उचलतो. असं कधीही करू नका. तीस किलोचं कुत्रं वाकलेल्या पाठीने उचलणं साठी ओलांडलेल्या माणसाने टाळलंच पाहिजे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर त्याला बघणारं कोणी राहणार नाही. शिवाय अधांतरी उचललेलं कुत्रं घाबरून अंग ताठ करतं, आणि खाली टेकवल्यावर त्याचे पाय आणखीच फाकतात. एक गोष्ट पक्की धरा: उठायचं त्याने, आपण फक्त पोटाखालून घातलेल्या टॉवेलने मागचा भार थोडा हलका करायचा.

आधी त्याला नीट जागं होऊ द्या. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं. मागून अचानक हात लावला तर तो दचकतो, कधी चावायलाही येतो. समोरून या, जमिनीवर हलकेच थाप मारा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की मगच खांद्याला हात लावा.

तो कुशीवर पडला असेल तर त्याला पोटावर येऊ द्या. आता मागचे पाय बघा. दोन्ही पाय अंगाखाली, गुडघ्यात दुमडलेले हवेत. एखादा पाय बाजूला पसरला असेल तर मांडीला धरून तो हळूच आत घ्या. पंजा धरून ओढू नका. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर म्हणतात, टॉवेलचा काही उपयोग होत नाही. पाय अंगाखाली नसतील तर टॉवेल कितीही ओढा, तो उठणार नाही.

आता टॉवेल. लांब, रुंद, मऊ टॉवेल घडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घाला. दोन्ही टोकं इतकी लांब हवीत, की तुम्ही सरळ उभे राहिलात तरी ती हातात येतील. आखूड टॉवेल असेल तर टोकांना कापडी पट्टे बांधा. वाकून धरलेला आखूड टॉवेल आपल्या कमरेसाठी उचलण्याइतकाच वाईट. नर असेल तर लघवीच्या जागेवर टॉवेल दाबला जाणार नाही हे बघा, नाहीतर त्याला लघवी करता येत नाही. रोज आधार लागायला लागला, की मागच्या पायांसाठी मूठ असलेला हार्नेस (अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज) घ्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यात भार पोटावर न येता कमरेच्या हाडांवर येतो.

त्याच्या कमरेच्या बाजूला, त्याचं तोंड असेल त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. गुडघे जरा वाकवा, पाठ सरळ ठेवा. त्याला हाक मारा आणि थांबा. तो पुढचे पाय टेकून छाती वर उचलेल. त्याने जोर लावला की त्याच क्षणी टॉवेल वर आणि किंचित पुढे घ्या. आधी ओढलंत तर त्याचं नाक जमिनीवर आदळतं, उशीर केलात तर तो दमून परत बसतो. ही वेळ हाताला कळायला काही दिवस जातात. रोज एकच शब्द वापरा, म्हणजे तोही त्या शब्दावर जोर लावायला शिकतो.

पाठीची रेघ जमिनीला समांतर आली की आणखी उचलू नका. मागचे पंजे जमिनीवरून सुटले तर तुम्ही जास्त उचललंय. उठल्याबरोबर चालवू नका, अर्धा मिनिट तसंच उभं राहू द्या. पंजे बघा. एखादा उलटा पडून नखांची बाजू खाली आली असेल तर हाताने सरळ टेकवा. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण ते नसांच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं. मागचे पाय अचानक पूर्ण गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गळपट्टा, शेपूट किंवा पुढचे पाय धरून ओढून उठवणाऱ्यांना मी स्पष्टपणे थांबवतो. त्यात मानेला आणि खांद्याला इजा होते. तुमच्या घरात कोणी असं करत असेल तर त्यालाही थांबवा.

५. पायऱ्या. शक्य असेल तिथे उतार करा, त्यावर खरखरीत पट्टी लावा. नसेल तर टॉवेल धरून एकेक पायरी, घाई न करता.

६. दुखणं आणि औषधं. कुत्री दुखतं म्हणून क्वचितच ओरडतात. विश्रांतीतही धापा टाकणं, एकाच सांध्याला चाटत राहणं, उठायला नकार, चिडचिड ही दुखण्याची भाषा आहे. ‘वय झालं, असंच चालायचं’ म्हणून ते सोडून देऊ नका, यावर चांगले उपचार आहेत. पण आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरू शकतं. निवृत्त माणसाच्या घरात स्वतःच्याच औषधांचा मोठा साठा असतो. तो बंद कपाटात ठेवा.

७. पाणी आणि रात्र. पाणी कधीही तोडू नका. तो जास्त पीत असेल तर मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल तर मूत्रपिंडं, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांची तपासणी हवी. रात्री उगाच येरझारा घालत असेल, भिंतीकडे बघत उभा राहत असेल, ओळखीच्या खोलीत चुकत असेल, तर मेंदूवर वयाचा परिणाम झालेला असू शकतो. अशा वेळी सामानाची जागा बदलू नका, आणि रात्रभर मंद दिवा ठेवा. तो दिवा तुमच्यासाठीही हवा, कारण अंधारात झोपलेल्या कुत्र्याला अडखळून पडण्याची भीती खरी आहे.

८. कागद. तुम्हाला अचानक दवाखान्यात राहावं लागलं तर? एका कागदावर त्याची औषधं, मात्रा, वेळा, डॉक्टरांचा नंबर आणि टॉवेल कसा धरायचा हे लिहा, आणि फ्रिजवर लावा. जो शेजारी किंवा नातेवाईक येणार असेल त्याला एकदा बोलावून, तुमच्यासमोर, कुत्र्याला उभं करायला लावा.