गाडीच्या दरवाजाचं फिकं पडलेलं रेक्झिन घरीच रंगवा
जुन्या पद्मिनी नाहीतर मारुती ८०० च्या दरवाजाचं रेक्झिन फिकं पडलं म्हणून लगेच नवीन शिवायला टाकू नका, रंगवता येतं. पण आधी सफाई, आणि इथेच सगळे घाई करतात. वर्षानुवर्षं मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन बसलेलं असतं, त्यावर रंग धरतच नाही, गोल गोल खड्डे पडतात. भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन रेषांमधला मळ काढा, सुकलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. थिनर अजिबात नको, रेक्झिन चिकट होतं. मग व्हिनाइल डायचे, म्हणजे रेक्झिनसाठीच्या खास रंगाचे, पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. साधा स्प्रे पेंट कोपर टेकतो तिथे तडकतो आणि पोपडे निघतात. चीर असेल तर रंगाआधी मागून कापडाचा तुकडा चिकटवून घ्या.