सीसीएनए झालं, आता बिघाडांची वही

सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची, परीक्षा सुटली तेव्हा मी अमळनेरला घरीच होते. वडील म्हणाले, "मंग, आते पुनाले जाशी ना?" मी पुण्याला गेले नाही. सकाळच्या गाडीने जळगावला जायला लागले, एका स्थानिक इंटरनेटवाल्याकडे, शिडी आणि केबलच्या कामाला. आज एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळते. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, "ताई, सीसीएनए झालं, पुढे काय?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी विसरणं थांबवा. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, पण रिकामं बसलात तर सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते गटांत वाटायचं गणित, ३ महिन्यांत जातं. धरणगाव ते पाळधी एवढ्या वेळात मी रोज पाच गणितं तोंडी सोडवायची. स्लॅश २६ म्हणजे ६४ पत्ते, त्यातले उपकरणांना देता येतात ६२. कागद न घेता हे सांगता आलं पाहिजे, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक इथूनच येतो.

आता काम कुठे शोधायचं. 'नेटवर्क इंजिनिअर' अशी पाटी लावून खान्देशात कोणी बसलेलं नाही, काम मात्र भरपूर आहे. गावोगावचे फायबर इंटरनेटवाले, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतले कारखाने, मोठे दवाखाने, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब, बँकांच्या शाखांची देखभाल घेणारे ठेकेदार, सीसीटीव्ही बसवणारे. कॅमेऱ्याच्या कामाला कमी समजू नका. आता कॅमेरे आयपीवर, म्हणजे संगणकासारखे नेटवर्कवरच, चालतात, त्यांना वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच जाते, आणि स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा, एकूण किती वॅट देऊ शकतो हा हिशेब तिथेच पक्का होतो. या लोकांना ईमेल पाठवून उत्तर येत नाही. सर्टिफिकेटची प्रत घेऊन दुपारी तीनच्या सुमारास स्वतः जा. सकाळी तक्रारींचे फोन वाजत असतात, तेव्हा कोणी तुमच्याकडे बघणार नाही.

जाण्याआधी हात तयार करा. केबलला कनेक्टर दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड, केबल टेस्टर आणि शंभरेक कनेक्टर एवढंच घ्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा तारांचा क्रम डोळे मिटून यायला हवा. केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि महिन्याभरात जोड ढिला होतो. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. पहिल्याच महिन्यात मला एका गोदामात १३० मीटर ओढलेली केबल भेटली. दिवा लागायचा, पण बिल छापताना कनेक्शन तुटायचं. सगळे प्रिंटरला दोष देत होते.

फायबरचं पुस्तकात थोडं असतं, इथे मात्र रोजचं काम तेच. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. म्हणून हिरव्यात निळा कधीच जोडू नका. पॉवर मीटर फायबरमधून येणारा प्रकाश मोजतं, त्याचं रीडिंग घ्यायला पहिल्याच आठवड्यात शिका. घरात उणे १९ डीबीएमच्या आसपास असेल तर निर्धास्त. उणे २७ च्या खाली गेलं की लाल दिवा लागायचीच वाट बघायची. कालपर्यंत उणे १९ होतं आणि आज उणे २६ झालं, तर आधी कनेक्टर पुसा, मग कपाटामागे फायबर कुठे दुमडलीय ते बघा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या.

हे कळलं ते वहीमुळे. पहिल्या दिवसापासून बिघाडांची वही ठेवा, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. तारीख, ठिकाण, ग्राहक काय म्हणाला, मी काय पाहिलं, काय काय करून बघितलं, शेवटी काय निघालं, किती वेळ लागला. ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड मात्र त्यात कधी लिहायचे नाहीत.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. कापसाच्या हंगामात एका जिनिंगमध्ये स्विच बदलायला गेले होते. मोकळी पडलेली एक केबल दिसली, ती लावून टाकली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. साधा स्विच, त्यात स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा असा फेरा ओळखून थांबवणारी सोय, नाही. मिनिटभरात सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि वजनकाट्याचा संगणक बंद पडला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती, शेतकरी उन्हात उभे. चाळीस मिनिटं लागली मला, कारण मी सेटिंगमध्ये शोधत बसले होते. स्पॅनिंग ट्रीची चारही उत्तरं परीक्षेत बरोबर आली होती, पण ते दिवे मी आधी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून दोन्ही टोकांना चिठ्ठी असल्याशिवाय मी केबलला हात लावत नाही.

दुसरं पान जूनचं. पहिल्याच वादळात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलने दोन्हीकडचे पोर्ट जाळले. इमारत ते इमारत फायबरच टाकायची, ती वीज वाहून नेत नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधली रॅक उघडून पंखे बघायचे. जिनिंगमध्ये त्यात कापसाची लव अडकून बसते आणि स्विच तापून आपोआप रीस्टार्ट होत राहतो.

काम चालू असताना घरी पॅकेट ट्रेसर सोडू नका, संगणकावर खोटं नेटवर्क उभारायचा हा प्रोग्राम फुकट मिळतो. दिवसा पाहिलेली जागा रात्री त्यात उभी करा. ऑफिस, कॅमेरे आणि पाहुणे यांचे तीन व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं, मधे ती सगळी एकत्र नेणारी जोडणी म्हणजे ट्रंक, एक राऊटर. मग मुद्दाम मोडा. ट्रंकवरून एक व्हीलॅन काढा, गेटवे, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दाराचा पत्ता, चुकीचा द्या, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी शोधा. जुना स्विच विकत घ्यायची घाई नको.

मुलाखतीत हमखास विचारतात, "एका संगणकावर नेट नाही, काय कराल?" इथे घाईने उत्तर देऊ नका. पायरी पायरीने सांगा. पोर्टचा दिवा लागलाय का? पत्ता काय मिळालाय? १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता आलेलाच नाही. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करून उत्तर येतं का बघा, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला. तिथवर जातंय पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर संशय नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसवर. आणि सगळ्यात आधी, शेजारच्या संगणकावर नेट आहे का, हे विचारायचं. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

नोकरी लावून देतो म्हणून कोणी डिपॉझिट मागितलं किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाला, तर उठून यायचं.

मुलींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. शिडीचं काम जमणार नाही असं तुमच्या वतीने दुसरेच ठरवतील. मला पहिल्या दोन ठिकाणी काउंटरवर बसायला सांगितलं होतं. मी तिसरीकडे गेले. शिडीला खाली धरणारा माणूस असल्याशिवाय चढणार नाही, ही अट मात्र पहिल्या दिवशीच घाला. ती मुलांनीही घालावी.

दीड-दोन वर्षांत वही भरली की पुणे-नाशिकच्या एनओसीत, म्हणजे मोठ्या नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, अर्ज करा, किंवा माझ्यासारखं इथल्याच कारखान्यात. एनओसीत रात्रपाळ्या असतात, पण मोठी नेटवर्कं बघायला मिळतात. मला आजची नोकरी मिळाली तेव्हा साहेबांनी सर्टिफिकेटवर नजर फिरवली आणि जूनचं पान दोनदा वाचलं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ३ वर्षं संपण्याआधी नूतनीकरण करायचं असतं: तीच परीक्षा पुन्हा द्या, किंवा वरच्या पातळीचा एखादा पेपर द्या, किंवा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांचे ३० क्रेडिट जमवा. परीक्षेची फी डॉलरमध्ये असते, आपल्याकडच्या सुरुवातीच्या पगारात ती जड जाते. म्हणून नवीन ठिकाणी पगाराचं बोलणं होईल तेव्हाच, ती फी कोण भरणार हे विचारून लिहून घ्या.