घरबसल्या खगोलदर्शन: साहित्य, कृती आणि घरच्यांवर संशय

गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता मी एक नवीन तारा शोधला. लालभडक, ठळक, क्षितिजापासून दीड मूठ वर, नकाशात कुठेच नाही, आणि मी गॅलरीत पायजम्यावर उभा राहून त्याला नाव कुणाचं द्यायचं, स्वतःचं की थोडा नम्रपणा दाखवून बायकोचं, याचा विचार करत होतो. चाळीस मिनिटं झाली तरी पठ्ठ्या जागचा हलेना. तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४० मिनिटांत कुठल्याही सभ्य ताऱ्याने साधारण १० अंश सरकायला पाहिजे, आणि जो अजिबात सरकत नाही तो एकतर ध्रुवतारा असतो नाहीतर मोबाइल टॉवरवरचा दिवा. ध्रुवतारा लाल नसतो.

तर गृहखगोलशास्त्राचा पहिला आणि खरं सांगायचं तर एकुलता एक नियम: आकाशावर विश्वास ठेवायच्या आधी घरावर संशय घ्या. पुढची सगळी कृती याच नियमावर उभी आहे.

साहित्य फार लागत नाही. दोन डोळे, एक मूठ, एक वही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात डोळ्याच्या आतल्या पडद्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन हळूहळू परत तयार होतं. ही प्रक्रिया अत्यंत नाजूक असून माझ्या मोजमापानुसार ती साधारण अठराव्या मिनिटाला पूर्ण होत आलेली असतानाच घरातलं कुणीतरी उठून बाथरूमचा लाइट लावतं. याला मी बाथरूम-स्थिरांक म्हणतो. उपाय दोन, घरच्यांना आधी सांगून ठेवणं (चालत नाही) किंवा टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावून त्यांना देणं (चालतं, लाल उजेडाने अंधारातली नजर कमी बिघडते, फक्त घर भुताच्या सिनेमासारखं दिसतं). अंधुक काही बघायचं असेल तर त्याच्याकडे सरळ रोखून न बघता थोडं बाजूला बघा, म्हणजे एखादा माणूस ओळखीचा आहे का हे चोरून बघतो ना तसं. अंधुक उजेड पकडणाऱ्या पेशी नजरेच्या मधोमध नसतातच, कडेला असतात.

मूठ कशाला? हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात १० अंश झाकते आणि करंगळी १ अंश. चंद्र जेमतेम अर्धा अंश आहे. तेव्हा कुणी उगवत्या चंद्राकडे बघून 'अबब केवढा मोठा' म्हणालं की त्यांना करंगळी आडवी धरायला सांगा, अख्खा चंद्र गायब होतो, आणि दोन-तीन तासांनी वर आल्यावर तेवढ्याच करंगळीने परत गायब होतो. मोठेपणा आपल्या मेंदूत असतो. हे वाक्य कार्यक्रमात बोलू नका, लोक वेगळा अर्थ काढतात.

आता ओळख परेड. लुकलुकतोय आणि सावकाश सरकतोय, तर तारा. शांतपणे तेवतोय, तर बहुतेक ग्रह, कारण ग्रहाची छोटी का होईना तबकडी असते, हवेतल्या हालचालीने ती तितकीशी थरथरत नाही. लाल-हिरवे दिवे मिचकावतोय, तर विमान. अजिबात न मिचकावता झरझर पाच-सहा मिनिटांत आकाश पार करतोय, तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक असू शकतं, जे साधारण ४०० किलोमीटरवरून तासाला जवळजवळ २८,००० किलोमीटर वेगाने जातं आणि दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं. हे बघायचं तर सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन असं असतं. कधी कधी ते भर आकाशात अचानक विझतं. घाबरून कुणाला फोन करू नका, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं, आत माणसं व्यवस्थित आहेत. आणि संध्याकाळी पश्चिमेला एखादा प्रचंड तेजस्वी दिवा तुमच्याकडे टक लावून बघतोय असं वाटलं तर तो शुक्र. तो सूर्यापासून कधीही साधारण ४७ अंशांपेक्षा, म्हणजे पावणेपाच मुठींपेक्षा लांब जात नाही, त्यामुळे रात्री बारा वाजता डोक्यावर जे काही चमकतंय तो शुक्र नाही.

उल्कावर्षाव. ऑगस्टमध्ये १२-१३ तारखेच्या आसपास ययाती तारकासमूहाचा, डिसेंबरमध्ये १३-१४ च्या आसपास मिथुनेचा. कृती: आडवं व्हायचं आणि काहीही करायचं नाही. दुर्बीण नको, ती आकाशाचा एवढासा तुकडा दाखवते आणि उल्का हमखास त्या तुकड्याबाहेर पडते. सर्वात तेजस्वी उल्का तुम्ही फोनमध्ये किती वाजले बघत असतानाच पडते हा अनुभव सर्वांना आहे, आणि पुरावा म्हणून शेजारी झोपलेल्या माणसाचं 'आई गं, काय होती!' पुरेसं असतं. गंमत म्हणजे ज्या चिमटीभर खड्यासाठी आपण मान आखडून घेतो तो ययातीच्या वेळी स्विफ्ट-टटल धूमकेतूने सांडलेला असतो आणि मिथुनेच्या वेळी फेथॉन नावाच्या लघुग्रहाने. दोघांनाही मागे वळून बघायची सवय नाही.

दिवसा काय करायचं? सूर्याकडे बघायचं नाही, दुर्बिणीतून तर अजिबातच नाही, इथे विनोद संपला. त्याऐवजी छोट्या आरशावर साधारण ५ मिलिमीटरचं भोक पाडलेला कागद चिकटवा, आरसा उन्हात ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या लांबच्या भिंतीवर पाडा. भोक गोल असो वा चौकोनी, भिंतीवर गोलच पडतो, कारण ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र असतं. आकार हवा असेल तर अंतराला १०८ ने भागा (हो, योगायोग आहे, लगेच फॉरवर्ड करू नका), म्हणजे १० मीटरवर ९ सेंटीमीटरचा सूर्य. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मोठा सौरडाग असला तर ठिपका दिसू शकतो. मला एकदा दिसला. नंतर आरसा पुसल्यावर गेला. पहिला नियम.

जास्त चिकाटी असेल तर खिडकीच्या काचेवर एक टिकली चिकटवून तिची सावली दर आठवड्याला घड्याळाच्या त्याच वेळी जमिनीवर खडूने मार्क करा. वर्षभरात आठचा आकडा तयार होतो, इंग्रजी आठचा, आपल्या ८ चा नाही. पृथ्वीचा साडेतेवीस अंशांचा कल आणि लंबवर्तुळाकार कक्षा या दोघांनी मिळून काढलेली रांगोळी आहे ती. माझी सात आठवडे टिकली, मग फरशी पुसली गेली.

आता घरातल्या रेडिओ खगोलशास्त्राकडे येतो, माझा आवडता भाग. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या यायच्या ना, त्यातली साधारण एक टक्का मुंगी महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाची असायची. म्हणजे आपण लहानपणी टीव्हीला थापट मारून विश्वाचा जन्म बंद करायचा प्रयत्न करत होतो. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या होल्मडेलच्या भोंग्यासारख्या अँटेनात अशीच खरखर येत होती, सगळ्या दिशांनी, दिवसरात्र. त्यांनी पहिला नियम काटेकोर पाळला. अँटेनात कबुतरं राहत होती, त्यांच्यावर संशय घेतला, विष्ठा साफ केली, कबुतरं हाकलली. खरखर तशीच. कबुतरं निर्दोष निघाली आणि या दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं.

उलट केस ऑस्ट्रेलियातली. पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंद पकडले जायचे, त्यांना पेरिटॉन असं भारदस्त नावही मिळालं. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेळ संपायच्या आत कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. एवढी मोठी दुर्बीण आणि उत्तर किचनमध्ये. आमच्याकडे पण शेवटचे तीन सेकंद थांबायला कुणी तयार नसतं, त्यामुळे मला त्या शास्त्रज्ञांबद्दल फार जवळीक वाटते.

ढग असतील तरी सुट्टी नाही. हाताचा पंजा पसरून बसा. वातावरणाच्या वरच्या थरात अवकाशातून येणारे वैश्विक किरण आदळून म्यूऑन नावाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते छत, पंखा, पंजा सगळ्यातून आरपार जातात, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक. काही जाणवणार नाही, पण घरच्यांनी 'नुसता काय बसलायस' विचारलं तर उत्तर तयार आहे, आणि ते शंभर टक्के खरं आहे.

आणि माझा लाल तारा? मागच्या आठवड्यात तो अचानक विझला, तीन रात्री गायब होता, चौथ्या दिवशी एक माणूस टॉवरवर चढून दिवा बदलून गेला. मी वहीत नोंद केली: रूपविकारी (तेज बदलणारा) तारा, अंधारकाळ ३ दिवस, कारण ज्ञात.